मुक्या खुणांचे वाचक : एगॉन वेलेस



कामगार चळवळीतल्या माणसाने बायझंटाईन साम्राज्याच्या संगीतावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशीच अधिक झाले, आणि एगॉन वेलेस आम्हांस तिथेच भेटले.

१८८५ साली व्हिएन्नात जन्मलेले वेलेस मुळात संगीतरचनाकार. आर्नोल्ड शेनबर्ग यांचे शिष्य. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल पडले, साम्राज्य बुडाले. त्याची स्तोत्रे मात्र मठांतल्या हस्तलिखितांत राहिली. शब्दांवर बारीक खुणा आहेत. भातखंडे यांच्या स्वरलिपीत सा, रे, ग असा स्वरच लिहिलेला असतो. इथे खूण एवढेच सांगते, की मागल्या स्वरापासून किती पायऱ्या चढा, किती उतरा. एक चुकली की पुढचे सारे गाणे घसरले! शिवाय एकच पायरी चढण्यासाठी सहा निरनिराळ्या खुणा. एका कामाला सहा कशाला? पंडित अडले ते इथे. वेलेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात उलगडा केला : पायरी तीच, पण स्वरावर जोर द्यायचा की तो हळुवार घ्यायचा, हे त्या खुणा सांगतात. गिरणीतला जुना जॉबर साचा कुठे अडतो ते कानाने ओळखी, तसेच हे. १९३१ साली टिल्यार्ड व होएग यांच्यासह त्यांनी कोपनहेगनला या संगीताची ग्रंथमाला सुरू केली.

मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले, तेव्हा ब्रूनो वॉल्टर सादर करीत असलेली आपलीच रचना ऐकण्यास वेलेस आम्स्टरडॅमला गेले होते. ज्यू वंशाच्या माणसाला घर बंद झाले. ते इंग्लंडला गेले, तर १९४० साली तिथल्या सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत डांबले! तेही, ऑक्सफर्डने १९३२ सालीच ज्यांना सन्मान्य पदवी दिली होती त्यांना. सुटल्यावर साठाव्या वर्षी त्यांनी पहिली सिंफनी लिहिली. पुढे आणखी आठ. १९४९ साली बायझंटाईन संगीताचा इतिहास प्रसिद्ध झाला. १९७४ साली ते ऑक्सफर्डलाच वारले.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. ग्रीक चर्चमधले गायक १८१४ साली सुधारलेल्या लिपीवरून अजून गातात. वेलेस यांनी ती परंपरा तुर्की वळणाने बिघडलेली मानून बाजूस ठेवली. पुढल्या अभ्यासकांनी यावर आक्षेप घेतला, तो रास्तच. कानाने लिपी उलगडणाऱ्याने त्या गायकांपाशी जाऊन बसायला हवे होते. तरी हस्तलिखितांच्या छायाप्रती छापण्याचे कोपनहेगनचे काम पुढे चालू राहिले, आणि आक्षेप घेणारेही त्याच प्रती पुढ्यात घेऊन बसतात.