परदेशगमन : जमा कोणाची, खर्च कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषण)

मागील महिन्यात एका सायंकाळी मी मुलांच्या वह्या तपाशीत बसले असता माझ्या मुलीने एक पत्र आणून माझ्यासमोर ठेवले. तिने परिचारिकेची पदवी घेतली असून ती येथील एका रुग्णालयात काम करते. गेले दीड वर्ष कामावरून परतल्यावर ती रात्री जर्मन भाषेचे धडे गिरवीत असे. ते पत्र जर्मनीतील एका रुग्णालयाकडून आले होते. “आई, तू सांगशील तसे करीन. जाऊ का?” एवढेच तिने विचारले.

‘परदेशगमन : फायदे आणि तोटे’ हा निबंधाचा विषय मी आजवर कितीतरी वेळा वर्गात दिला आहे. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढावी, एका बाजूस लाभ व दुसऱ्या बाजूस हानी लिहावी, आणि शेवटी ‘ज्याने त्याने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे’ असे म्हणून मोकळे व्हावे, अशी आमची नेहमीची रीत. त्या रात्री मी तशीच रेघ कागदावर ओढली. दोन्ही बाजू भरल्या, पण बेरीज काही जुळेना. ती का जुळत नाही, याचा विचार करता जे सुचले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

आरंभी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घर सोडून जाणाऱ्यांस नावे ठेवण्याचा अधिकार निदान आपणा इंदूरच्या मराठी मंडळींस नाही. आपण सारे मूळचे जाणारेच. मल्हारराव होळकर होळ गावचे, अहिल्याबाई चौंडीच्या. अठराव्या शतकात त्यांच्या पाठोपाठ शिलेदार आले, कारकून आले, वैद्य आणि भिक्षुक आले. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली आणि ही घरे येथेच रुजली. त्या काळी नर्मदा ओलांडून बिऱ्हाड हलविणे हे आजच्या विमानप्रवासापेक्षा कितीतरी कठीण होते. मागे राहिलेल्या एखाद्या आईने तेव्हाही वेशीपर्यंत येऊन डोळे पुसलेच असतील. मी स्वतः वसईची. लग्न होऊन येथे आले. तेव्हा ‘जाणे’ हाच दोष मानला, तर त्या दोषातून आपल्यापैकी फारच थोडे सुटतील.

आता लाभाचा विचार करू. परदेशगमनाचा लाभ म्हणजे पैसा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण त्याहून मोठा लाभ कोणता, याचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी ते गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असेही ते तेथे नमूद करतात.

श्रोतेहो, हा लाभ कोणत्या चलनात मोजावयाचा? जन्मल्यापासून माथी मारलेली हीनता ही निसर्गाची व्यवस्था नाही, ती माणसांनी केलेली आहे आणि माणसांना मोडता येते, हे दुसऱ्या देशातील साध्या दैनंदिन व्यवहारातून अनुभवास येणे ही गोष्ट लहान नव्हे. ज्याला घरात मान नाही, त्याला ‘घर सोडू नकोस’ असे सांगण्यापूर्वी आपण घराकडे एकदा पाहिले पाहिजे. आपल्या कितीतरी मुलींच्या बाबतीतही हेच खरे आहे. रात्रपाळीहून एकटीने निर्धास्त घरी येता यावे, एवढ्याचसाठी परदेश आवडतो असे सांगणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत. त्यांना मी काय उत्तर द्यावे?

पैशाचा लाभही तुच्छ लेखण्याजोगा नाही. परदेशांतून स्वजनांनी पाठविलेल्या पैशांत भारत जगात पहिला आहे. २०२२ साली ही रक्कम १११ अब्ज डॉलरांच्या वर गेली. हे आकडे मोठे असले, तरी त्यांचा अर्थ मला माझ्या माहेरच्या घरात कळला.

आमची वसईला लहानशी वाडी होती. केळी, थोडी पानवेल आणि भाजीपाला, एवढेच उत्पन्न. १९९२ साली माझे थोरले बंधू आखातातील एका देशात वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामावर गेले. त्यांच्या पैशांतून वाडीवरचे कर्ज फिटले, घरावर नवी कौले चढली, आणि मी डी. एड. झाले. आज आपल्यासमोर बोलणारी ही शिक्षिका त्या पैशाने घडली आहे. मात्र ते स्वतः एका खोलीत आठ जणांसह राहत आणि दोन वर्षांतून एकदा घरी येत. १९९९ साली आमचे वडील वारले, तेव्हा बंधूंचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. तो हाती पडावयास पाच दिवस गेले. ते घरी पोहोचले, तोपर्यंत कबरीवरची फुले सुकली होती. ते कोणाला एक शब्द बोलले नाहीत. कपडे बदलून वाडीत गेले, वडिलांचे फावडे घेतले आणि केळीची आळी साफ करू लागले. अंधार पडेपर्यंत ते तेथेच होते.

माझ्या कागदावरची बेरीज का जुळत नव्हती, ते या आठवणीने मला समजले. आपण लाभ आणि हानी एकाच खात्यात मांडतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या माणसांच्या खात्यांत पडतात. आमच्या घरात जमा आमची होती आणि खर्च बंधूंचा. कित्येक घरांत याच्या उलट असते. जाणाऱ्याची भरभराट होते आणि खर्च मागे राहिलेल्यांच्या माथी येतो. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. घर मोठे, मुलगा कर्तबगार आणि प्रेमळही. तो अमेरिकेतून रोज रात्री न चुकता व्हिडिओ कॉल करतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आजी न्हाणीघरात पडल्या, तेव्हा त्यांना उचलून रुग्णालयात नेले ते शेजारच्या किराणा दुकानदाराच्या मुलाने. त्या रात्रीचा खर्च कोणाच्या खात्यावर लिहावयाचा? तो दुकानदाराच्या मुलाने सोसला, आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवला नाही.

राष्ट्राच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. एक परिचारिका तयार करावयास येथील शिक्षक, येथील रुग्णालये आणि येथील रुग्णही खर्ची पडलेले असतात. तयार झालेले हात मात्र दुसऱ्या देशाला मिळतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आरोग्यसेवकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी एक आचारसंहिता स्वीकारली. जेथे अशा सेवकांची तीव्र टंचाई आहे, तेथून धनवान देशांनी ते ओढून नेऊ नयेत, असा तिचा आशय आहे. पण याचे ओझे एकट्या मुलीच्या शिरावर ठेवून ‘तू देशाचे नुकसान करतेस’ असे तिला सुनावणे न्याय्य नाही. आपण तिला येथे किती वेतन देतो आणि कोणत्या स्थितीत राबवितो, हे आधी पाहावे.

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. कोकणातील बेने इस्रायल समाजाची हकीकत या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे. हे मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील अनेक जण मोठ्या श्रद्धेने तिकडे गेले. परंतु धर्म एक असला तरी कातडीचा रंग, भाषा आणि चालीरीती यांमुळे आपल्याला कमी लेखले जाते, असा अनुभव काहींना आला. १९५१ साली त्यांतील काही जणांनी ‘आम्हांस परत पाठवा’ म्हणून तेल अवीव येथे धरणे धरले, आणि १९५२ साली त्यांना भारतात आणून सोडण्यात आले. पण येथे पाऊल ठेवल्यावर काय झाले? मोडलेला संसार पुन्हा उभा राहीना, आणि त्यांतील बहुतेकांनी पुन्हा इस्रायलला जाण्याची मागणी केली. तिकडे राहिलेल्यांनाही आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी १९६४ सालापर्यंत झगडावे लागले. पुढे तोच समाज तेथे स्थिरावला. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्याने चालविले. यावरून मला एवढेच दिसते की, जाणे हे एकदाच घडत नाही. माणूस पुष्कळ वर्षे जात असतो आणि पुष्कळ वर्षे परतत असतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र एक क्षण असा येतो की, तेथे रेघ ओढावीच लागते. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. एकट्या २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी ते सोडले. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर परदेशस्थ भारतीयांसाठी ओसीआय कार्डाची सोय झाली आहे. त्या कार्डावर येथे येता येते व राहता येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्याचे बालपण वाडीत गेले, त्याला हे कलम वाचताना काय वाटत असेल, ते मी ओळखू शकते.

राहिला भाषेचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांनी गणेशोत्सव जपला. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकविली जाते. परंतु घरात बोलणे बहुधा क्रिओल भाषेतच होते. आपण इंदूरकरांनी यावर फार उसासे टाकू नयेत. माझ्या वर्गातील मराठी घरांची मुले मधल्या सुटीत हिंदीतच भांडतात, आणि भांडणाची भाषा हीच खरी भाषा. भाषा टिकविण्यासाठी घरात राहणे पुरत नाही, घरात बोलणे लागते.

तर मग माझ्या मुलीला मी काय सांगितले? मी तिला ‘जा’ असे सांगितले. मात्र त्यापूर्वी आम्ही तिघे, ती, तिचे वडील आणि मी, एकत्र बसलो आणि मी तो कागद पुन्हा मांडला. या वेळी प्रत्येक ओळीपुढे ‘हे कोण सोसणार?’ असा तिसरा रकाना घातला. तिच्या पदवीस तिकडे मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनीस म्हणून कमी वेतनावर काम करावे लागेल. ते ती सोसणार आहे. करारपत्राचा शब्दन् शब्द सही करण्यापूर्वी समजून घ्यावयाचा आणि पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवावयाचा नाही, हे तिने कबूल केले. मामाची गोष्ट तिला माहीत आहे. परतीच्या तिकिटाचे पैसे आम्ही पोस्टात तिच्या नावे निराळे ठेवले आहेत. मन रमले नाही तर परत येण्यास लाज वाटू नये, आणि रमले तर ते पैसे तसेच पडून राहावेत, एवढाच हेतू.

एक ओळ उरली होती. माझ्या वृद्ध सासूबाईंना मधुमेह आहे. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी नात त्यांना इन्सुलिनचे इंजेक्शन देते. त्या ओळीपुढे तिसऱ्या रकान्यात मी माझे नाव लिहिले. गेल्या सोमवारपासून मुलगी शेजारी उभी राहून मला शिकवीत आहे. पहिल्या दिवशी माझा हात फार थरथरला. सासूबाई म्हणाल्या, “घाबरू नकोस, मला दुखत नाही.” बहुधा दुखले असावे. आता हात पुष्कळ स्थिर झाला आहे.

आपल्या घरीही असे पत्र आले असेल, तर त्या तिसऱ्या रकान्याचा अवश्य विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.