दिवाळीनंतरचा तांडा

(रेडिओवरील भाषण)



जालन्याहून जिंतूरकडे निघालं की साठेक किलोमीटरवर मंठा लागतं. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा हा मुलूख परतूर तालुक्यात होता आणि परतूर परभणी जिल्ह्यातून इकडे आलं होतं. मंठा वेगळा तालुका झाला तो त्यानंतर. तळणीच्या बाजूला पूर्णा वाहते, पुढे ती येलदरीच्या धरणात जाते. याच भागातल्या एका बंजारा तांड्याबद्दल आज बोलणार आहे. नाव सांगत नाही. तालुक्यात असे तांडे बरेच आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याला वाटतं आपलं राहिलं.

डांबरी रस्ता फाट्यावर संपतो. तिथून तांड्यापर्यंत काळ्या मातीची वाट, मधे एक ओढा. पावसाळ्यात या वाटेवर मोटारसायकल चालवायची तर पोरं आधी पुढचं मडगार्ड काढून ठेवतात, कारण चिखल चाकात आणि मडगार्डात असा काही बसतो की चाक फिरतच नाही. बाळंतीण अडली तर बाज उचलून फाट्यापर्यंत आणायची आणि १०८ च्या गाडीची वाट बघायची. पूर्णेतली वाळू भरून जाणारे हायवा मात्र याच भागातून रात्री-बेरात्री धावतात. जाताना होता तोही रस्ता मोडून जातात. नळाच्या तोट्या दारोदार बसल्या आहेत, उन्हाळ्यात मात्र पाणी टँकरनंच येतं.

हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. रस्ता झाला, पूल झाला की ही अडचण सुटेल, आणि सुटायलाच हवी. पण पूल बांधूनही तांडा लांबच राहील, असं आणखी एक कारण आहे. दिवाळी झाली की तांड्यात माणसंच नसतात, ऊसतोडीला गेलेली असतात.

दसरा उलटला की तोडणीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची ये-जा वाढते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर कधीच दिलेली असते, पावसाळ्यातच, घरात दाणा नसतो आणि बी-बियाण्याची उधारी डोक्यावर असते तेव्हा. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मग एके रात्री ट्रॅक्टर येतो. दोन ट्रॉल्यांत आठ-दहा संसार चढतात: पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, ताडपत्री, ज्वारीचं पोतं, खुराड्यासकट कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात वर गोधडीत गुंडाळलेली लेकरं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. दाराला कुलूप, आणि कुलपाच्या वर काटेरी फांदी, गुरांनी दाराला अंग घासू नये म्हणून.

डिसेंबरात गेलो होतो तेव्हा एका ओट्यावर एक आजी तूर निवडत बसल्या होत्या. शेजारी दोन नातवंडं. मी विचारलं, आजी, घरचे कुठं? म्हणाल्या, "कारखान्याला गेले बाबा. म्या हाय, आन् ही दोन लहानी. पगार आला का रे माझा, तेवढं बघ की बँकेत." पगार म्हणजे निराधार योजनेचे पैसे. बँक मंठ्याला. चालून फाटा गाठायचा, तिथून मिळेल ते वाहन, आणि अंगठा उमटला नाही की परत फिरायचं. मुलगा तांड्यात असता तर मोटारसायकलवर घेऊन गेला असता. म्हातारीला मंठा सर्वात लांब पडतं ते या हंगामात.

लोक विचारतात, जातात कशाला? शेती आहे ना? आहे, दोन-तीन एकर, तीही कोरडवाहू. कापूस नाहीतर सोयाबीन, आणि पाऊस वेळेवर आला तरच दोन्ही. दिवाळीनंतर रानात काम उरत नाही. बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. रेल्वे आली, तो धंदा गेला. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अशा कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो पुसायला १९५२ उजाडावं लागलं. तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातींमध्ये मोडतो, आपल्याकडे विमुक्त जातींमध्ये. हद्द ओलांडली की सवलती बदलतात. त्या वादात मी आज शिरत नाही, तो एका भाषणात मावणारा नाही.

आता उचलीचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपये ठरला. जोडीनं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरा. म्हणजे ७३२ रुपये. एक लाख उचल घेतली असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात. यात आजारपणाचा दिवस नाही, पाळीचे दिवस नाहीत, पावसानं फड बंद राहिला तो दिवस नाही. आणि कारखाना तरी एकशे सदतीस दिवस कुठं चालतो? ऊस कमी असला की फेब्रुवारीतच पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, शिवाय आता तोडणी यंत्रंही फडात आली आहेत. मग राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढचं वर्ष कुणाच्या टोळीत काढायचं ते आजच ठरून जातं. मधल्या काळातला मीठमसाला भागतो तो वाढ्यांवर. उसाच्या शेंड्याच्या पेंढ्या बांधून बाई रस्त्याकडेला उभी राहते, म्हशीवाले विकत घेतात.

खरा घोटाळा कॅलेंडरचा आहे. सरकारचं वर्ष आणि तांड्याचं वर्ष एकमेकांना भेटतच नाहीत. २६ जानेवारीची ग्रामसभा घ्या. आराखडे, लाभार्थ्यांच्या याद्या, रस्त्याचा ठराव असं सगळं तिथं वाचायचं, आणि तांडा त्या दिवशी पाचट तुडवत असतो. जनगणनेचंही तसंच. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. नियम असा की त्या साऱ्या मुदतीत जो घरी नसेल त्याला त्या घरात मोजायचं नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचा. फडातल्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला असेल तर तो माणूस कारखान्याच्या गावचा म्हणून लागला. नसेल पोचला, तर कुठेच लागला नाही. तांड्याच्या नावावर मात्र तो नाही. पुढं पाणीयोजना आखायची, रस्ता मंजूर करायचा, तर आधी लोकसंख्या विचारतात. पुढची शिरगणती फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. पुन्हा फेब्रुवारीच! ज्यानं हा महिना निवडला त्यानं उसाचा फड पाहिलेला नसावा. हिमवर्षाव होणाऱ्या डोंगरी भागांसाठी गणती आधी, सप्टेंबरात उरकण्याची सोय केलेली आहे. मग ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी काही सोय करायला कुणाची हरकत असावी?

शाळेचं पाहा. जूनमध्ये पट भरलेला असतो, नोव्हेंबरात वर्ग ओस पडतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्यात असा विचार सरकारदरबारी २०२३ पासून चालला आहे, त्यामुळे तांड्यावरच्या गुरुजींना पटाचा आकडा सांभाळण्याची निराळीच धास्ती. उपाय नाहीत असं नाही. आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवून त्यानं तिकडच्या शाळेत बसायचं. मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ८२ वसतिगृहं काढायची असं २०२१ मध्ये ठरलं, आणि पहिल्या टप्प्यात बीड, नगर व जालना हे जिल्हे घेतले. पण वसतिगृहात दिवाळीच्या आत जेवण सुरू झालं नाही, तर आई लेकराला बरोबरच नेते. ट्रॉली काही मंजुरीच्या कागदासाठी थांबत नाही. एकदा गेलेलं लेकरू मार्चात परत येतं ते वजाबाकी विसरून, पण मोळी बांधायला शिकून.

मुलगी वयात आलेली असेल तर प्रश्न आणखी बिकट. फडात न्यावी तर उघड्यावरची कोपी, मागं ठेवावी तर घरात फक्त म्हातारी. मग लग्न लावून देतात. एक कोयताही वाढतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या तरुणींपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, आपल्या जालना जिल्ह्यात ३५ टक्के. या बापांना कायदा माहीत नसतो असं समजू नका. त्यांना कायदा पाठ असतो. त्यांच्याजवळ नसते ती मुलीला हंगामभर बिनघोर ठेवायला जागा.

होळीला मात्र काही झालं तरी तांड्यावर यायचं, असा प्रत्येकाचा हट्ट असतो. वर्षभरात जन्मलेल्या मुलाची धुंड असते, लेंगी म्हणायची असते. मुकादमाशी भांडून, उसनवारी करून लोक येतात. तेवढे चार दिवस कुलपं निघतात, डफ वाजतो, आणि हिशेब राहिला असेल तर काही जोड्या पुन्हा फडावर जातात.

माझ्या तांड्यावरच्या श्रोत्यांना जाता जाता एवढंच सांगतो. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम ग्रामसेवकाकडे आहे. २०२१ पासून तसा आदेश आहे. दसऱ्याच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन आपलं आणि बायकोचं, दोघांचंही नाव स्वतंत्र लिहून घ्या. बाईचं नाव हटकून राहतं, कारण कोयता एकच धरतात. रेशन आता दुसऱ्या जिल्ह्यात आणि कर्नाटकातही उचलता येतं, त्यासाठी कार्डावरच्या प्रत्येकाचं आधार जोडलेलं आणि केवायसी झालेली हवी. तेही निघण्याआधी बघा. मुलांची हमी कार्डं गुरुजींकडून मागून घ्या. आणि उचल घेताना रक्कम कुठंतरी लिहून ठेवा, तारखेसकट, आपल्याच वहीत.