गोंदण फुगलं तर

आम्ही लालबाग-परळच्या बाया. केईएम इस्पितळ १९२६ पासून इथं आहे, त्यामुळे गावाहून आलेल्या पाहुणीला घेऊन केसपेपरच्या रांगेत उभं राहणं आम्हाला नवं नाही.

मागं आमच्यातल्या एकीच्या वन्सं आल्या. नाकाच्या कडेला तांबूस-जांभळट गाठी. हातावरचं लहानपणचं गोंदण फुगून वर आलेलं. खाज नाही, दुखणं नाही. गावात कुणीतरी महारोग म्हणालं आणि वन्संचं ताट वेगळं झालं. एका दवाखान्यानं तर तपासणीशिवायच दोन महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या होत्या.

इथं त्वचेच्या डॉक्टरबाईंनी वन्संना डोळे मिटायला लावून गाठींवर कापूस फिरवला. स्पर्श कळत होता. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात तो बहुधा कळत नाही. पण चेहऱ्यावर ही खूण फसवते, म्हणून त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मग काच दाबून पाहिली. लाली गेली, खाली काकवीसारखे पिवळट-तपकिरी ठिपके राहिले. कातडीच्या क्षयातही असेच ठिपके दिसतात, म्हणून तुकडा काढायचा ठरला. तुकडा म्हटल्यावर वन्संनी उठून चपला घातल्या! बधीर करायची सुई तेवढी टोचते, तुकडा मसुरीएवढा.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे पुंजके दिसले, क्षयाचे किंवा कुष्ठाचे जंतू सापडले नाहीत. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांजवळच्या गाठी दोन्ही बाजूंनी सुजलेल्या. कोरडा खोकला होताच, चुलीच्या धुराचा म्हणून सोडून दिलेला. सगळं जुळवून नाव कळलं, सार्कॉइडोसिस. एकाच तपासणीत हा आजार पकडता येत नाही. क्षय, कुष्ठ वगळावे लागतात, त्याला वेळ जातो.

यात शरीराची संरक्षक शक्तीच बिनसते. कारण अजून पक्कं सापडलेलं नाही, पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जुना व्रण किंवा गोंदण अचानक फुगलं, तर दाखवून घ्या. नडग्यांवर दुखऱ्या लाल गाठी आल्या तरी दाखवा, त्यांची कारणं अनेक असतात. निदान झालं की डोळे आणि रक्तातलं कॅल्शियम तपासायला लावतात. कॅल्शियमच्या, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं घेऊ नका, या आजारात रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं.

वन्संना स्टेरॉइडचं औषध सुरू झालं. ते मनानं वाढवायचं नाही, एकदम थांबवायचंही नाही. जाताना त्यांनी डॉक्टरबाईंकडून मराठीत चिठ्ठी लिहून घेतली, ‘हा महारोग नाही, लागट नाही.’ ती घरात मांडणीवर चिकटवली आहे, त्यांच्या ताटाच्या वर.