अब्बांची ओल

लोणार तालुक्यातलं बीबी हे आमचं गाव. घरी दोन कालगणना. ईद चंद्रावर, पेरणी मृगावर. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरतो. पिकाला तसं फिरता येत नाही. म्हणून ७-८ जूनला मृग लागला की अब्बा आभाळाकडे बघत.

आता पाऊसच सरकू लागलाय, आणि त्याचं गणित मांडता येत नाही. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. २००९ साली मात्र देशात जूनचा पाऊस सरासरीच्या जेमतेम निम्मा पडला. त्या वर्षी एक बरी सर आली, शेजाऱ्याची तिफण निघाली, माझाही हात राहवेना. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. अब्बांनी जमिनीत बोटं खुपसली. म्हणाले, "वरच भिजलंय. थांब."

मी थांबलो नाही. मग उघाड पडली. काळ्या रानात कोंब करपले. दुबार पेरणीचं बियाणं उसनं आणलं.

अब्बा काही बोलले नाहीत. त्या पेरणीला चाड्यावर मूठ त्यांनीच धरली.