घरचा संगणक आणि शेवटची पोटचारी

खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या घरी संगणक येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शाळेची आणि विद्यार्थ्यांची माहिती ‘यू-डायस प्लस’वर भरावी लागते, वेतनाची देयके ‘शालार्थ’मधून जातात, बालभारतीची पाठ्यपुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावर पाठांची पूरक सामग्री मिळते. असे असूनही, नवा संगणक इंटरनेटशी जोडण्याचा प्रसंग आला की पुष्कळ शिक्षक शेजारच्या एखाद्या तरुणास हाक मारतात. तो येतो, पाच मिनिटे बोटे चालवितो, काम होते आणि तो निघून जातो. त्याने काय केले ते मात्र कोणास कळत नाही. आठ दिवसांनी जोडणी तुटली की पुन्हा त्याचीच वाट पाहावयाची. ज्याने गावाला अक्षरओळख करून दिली, त्याने स्वतःच्या घरातील यंत्रापुढे निरक्षर राहावे, हे शोभादायक नव्हे. वास्तविक हा विषय चौथीच्या मुलास समजेल इतका सोपा आहे. तो समजून घेण्याची रीत तेवढी बरोबर असावयास हवी.

सांगली जिल्ह्यात पाण्याचा दाखला दिला की गोष्ट लवकर पटते. म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलले जाते, टप्प्याटप्प्याने चढविले जाते आणि कालव्यांतून कवठेमहांकाळ व जत यांसारख्या दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. मोठा कालवा शेताच्या बांधापर्यंत येत नाही. कालव्यातून वितरिका निघते, वितरिकेतून चारी, आणि चारीतून पोटचारी. पिकाच्या मुळाशी जे पाणी पोचते ते या शेवटच्या पोटचारीतून. इंटरनेटचेही असेच आहे. जगभरची माहिती काचेच्या तंतूंतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, गावापर्यंत येते. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ हे नाव मिळालेल्या योजनेचा उद्देश हा तंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचा होता. कोठे तो तंतू घरापर्यंत येतो, कोठे मोबाइलच्या मनोऱ्यावरून लहरींच्या रूपाने माहिती येते. घरात आलेला हा प्रवाह राउटर नावाच्या लहानशा पेटीत उतरतो, आणि त्या पेटीपासून संगणकापर्यंतची जी शेवटची बिनतारी पोटचारी, तिचे नाव वायफाय.

एवढा एक भेद ध्यानात ठेवला तरी निम्मे काम झाले. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. पोटचारी कितीही स्वच्छ असली तरी कालव्याला पाणी नसेल तर शेत कोरडेच राहणार. उलटपक्षी कालवा तुडुंब भरून वाहत असला आणि पोटचारी बुजलेली असली, तरी फळ तेच. संगणक जोडला जात नाही अशी तक्रार आली की प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच, की अडले आहे ते कालव्यात की पोटचारीत?

या पोटचारीतून जे वाहते त्याचे स्वरूपही शिक्षकास माहीत असावे. या रेडिओलहरी आहेत, आकाशवाणी ऐकविणाऱ्या लहरींच्याच कुळातील. मात्र त्यांचे आंदोलन फार जलद असते. वायफायच्या एका पट्ट्यात सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने होतात आणि दुसऱ्यात ५०० कोटींहून अधिक, पेटीवर ‘२.४’ व ‘५’ असे जे आकडे आढळतात त्यांचा अर्थ हा. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्यास २४० कोटींनी भागिले की एका लहरीची लांबी निघते साडेबारा सेंटिमीटर. ५०० कोटींनी भागिले तर सहा सेंटिमीटर. वरच्या वर्गातील मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्यावे. डोळ्यांना न दिसणारी वस्तू पट्टीने मोजता येते, हे पाहून त्यांना आनंद होईल.

या गणितातून व्यवहारातली एक सूचनाही निघते. लांब लहर भिंतीतून बरी पार होते. आखूड लहर अधिक माहिती वाहते, पण भिंतीपुढे लवकर थकते. गावातील जुन्या घरांच्या दगडी भिंती हातभर जाड असतात. पत्रा, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी ही तर या लहरींना मोठीच आडकाठी होय. म्हणून राउटर कपाटात, खाटेखाली किंवा दूरच्या कोपऱ्यात ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचशा फळीवर, मोकळ्या हवेत तो ठेवावा. संगणक त्याच खोलीत असेल तर ‘५’चा पट्टा निवडावा, भिंतीपलीकडे असेल तर ‘२.४’चा पुरेसा होतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. लॅपटॉपमध्ये वायफायचे अंग बहुधा असतेच. टेबलावर ठेवण्याच्या काही संगणकांत मात्र ते नसते. त्यांना बोटाएवढे एक उपकरण यूएसबीच्या खाचेत बसवावे लागते, अथवा राउटरपासून सरळ तार आणावी लागते. विकत घेतानाच दुकानदारास हे विचारावे, म्हणजे घरी आल्यावर फजिती होत नाही. राउटरच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर वायफायचे नाव व पासवर्ड छापलेला असतो. संगणक प्रथम चालू केला म्हणजे तो भाषा, देश व कळफलक विचारतो आणि मग आसपास आढळलेल्या वायफायची यादी दाखवितो. त्यांतील आपल्या घरचे नाव निवडावे, पासवर्ड अक्षर न् अक्षर तपासून लिहावा. मोठी व लहान लिपी यांत संगणक भेद करतो आणि शून्य व इंग्रजी ‘ओ’ यांतही. शुद्धलेखन तपासणाऱ्या शिक्षकाला ही सावधगिरी नवी नाही. हे जाळे घरचे की सार्वजनिक, असेही संगणक पुष्कळदा विचारतो. घरी असताना घरचे म्हणावे; बसस्थानकावर किंवा परक्या ठिकाणी सार्वजनिक म्हणावे, म्हणजे शेजारच्या अनोळखी यंत्रांपासून संगणक स्वतःस झाकून घेतो.

जोडणी झाल्यावर नवा संगणक पहिल्या दिवशी फार पाणी पितो. कारखान्यातून निघाल्यानंतरच्या साऱ्या सुधारणा तो एकदम उतरवून घेऊ लागतो. घरी फायबर असेल तर त्याला खुशाल पिऊ द्यावे, कारण या सुधारणांमुळेच त्याचे रक्षण होते. परंतु मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला असेल, तर दिवसभराचा वाटा तासाभरात संपून जातो. अशा वेळी ही जोडणी ‘मोजून वापरावयाची’ आहे, असे संगणकाच्या वायफायच्या पानावर नोंदवून ठेवता येते. मग तो पुष्कळसे उतरविणे लांबणीवर टाकतो.

अडचण आली तर क्रमाने जावे. राउटरला वीज आहे ना, हे प्रथम पाहावे. घरात वीज गेली की वायफायही जाते, ही साधी गोष्ट गडबडीत विसरली जाते. त्यानंतर त्याच वायफायवर मोबाइल जोडून पाहावा. मोबाइलवर पाने उघडत असतील तर कालवा भरलेला आहे, दोष संगणकात शोधावा. वायफाय चुकून बंद झाले आहे काय, विमानप्रवासासाठी असलेली कळ दाबली गेली आहे काय, पासवर्ड बदलला आहे काय, हे पाहावे. मोबाइलवरही काहीच उघडत नसेल तर दोष कालव्यात आहे. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा दिवा लाल झाला असेल, तर तंतूतून प्रकाश येणे थांबले आहे असे समजावे. रस्त्याच्या कामात खोदाई झाली, तंतू तुटला, तर असे होते. मग संगणकाची कितीही उलटापालट केली तरी व्यर्थ. सेवा देणाऱ्यास कळविणे हाच उपाय. आणखी एक चमत्कारिक वाटणारे कारण असते. संगणकाच्या घड्याळात तारीख चुकली असेल तर वायफाय जोडलेले असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ ओळखपत्र दाखविते आणि त्या ओळखपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख मुदतीबाहेरची असली की खरे ओळखपत्रही त्याला खोटे वाटते. तारीख दुरुस्त केली की अडसर दूर होतो.

यानंतरचा भाग अधिक जबाबदारीचा आहे. बिनतारी पोटचारी कुंपणापाशी थांबत नाही. तिच्या लहरी रस्त्यावर आणि शेजारच्या अंगणातही पोचतात. म्हणून छापून आलेला पासवर्ड बदलून लांब व अंदाज न करता येणारा ठेवावा. मुलाचे नाव, जन्मसाल किंवा मोबाइलचा क्रमांक हा पासवर्ड नव्हे. राउटरची व्यवस्था ज्या पानावरून होते, त्या पानाचा पासवर्ड निराळा असतो, तोही बदलावा. संरक्षणाचा प्रकार विचारला तर ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ साली आलेला ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावा. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार २००१ सालीच भेदला गेला होता. तो घेऊ नये. पाहुण्यांसाठी निराळे नाव व निराळा पासवर्ड देण्याची सोय पुष्कळ राउटरांत असते. शिक्षकाच्या संगणकावर त्याच्या एकट्याचे पत्र नसते. दोनशे मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, त्यांच्या पालकांचे मोबाइल, हे सारे त्यावर असू शकते. शाळेच्या कपाटाची किल्ली जो कोणाच्या हाती देत नाही, त्याने या घरच्या कपाटाची किल्ली भिंतीवर लिहून ठेवू नये.

येथवर जोडणी कशी करावी हे झाले. ती कशासाठी करावी, याचे उत्तर याच परिसरातील दोन अनुभवांत सापडते.

१९९८ साली वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या सुमारे सत्तर गावांसाठी संगणकजोडणीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे शहरांतही ही वस्तू नवी होती, त्या काळात ऊसउत्पादकाच्या गावी संगणक पोचला. चोपन्न गावांत केंद्रे उघडली गेली. शेतकऱ्यास शेतीचे ज्ञान, बाजारभाव, सरकारी माहिती सारे तेथे मिळावे अशी उमेद होती. प्रत्यक्षात संगणकांचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींसाठी, म्हणजे वजन, बिल व खत यांच्या माहितीसाठी झाला. पुढे त्यांतील सात गावांत संगणकांऐवजी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांनी हेच काम करून पाहण्यात आले, आणि ते झाले. म्हणून तो प्रयोग फसला असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परंतु यंत्र दारी आल्याने त्याचे सारे उपयोग आपोआप घरात येत नाहीत, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो. पाणी आले तरी पेरणी कोणीतरी करावीच लागते. गावात ती पेरणी शिकवू शकेल असा माणूस शिक्षकाइतका दुसरा नाही.

दुसरा अनुभव उलट दिशेचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा पुन्हा भरल्या, पण हात मोकळे झाले नाहीत. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर उपाय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजावयाचा आणि घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद व्हावयाचे. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंतचा दीड तास मुलांचा अभ्यास, वाचन आणि घरच्यांशी बोलणे यांसाठी. सुरुवातीस हसणारेही होते. पण अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन समजूत घातली, आणि हा प्रघात पडला. या गावाने तार तोडली नाही, यंत्र फोडले नाही. पाणी केव्हा सोडावयाचे आणि केव्हा थांबवावयाचे, हे तेवढे ठरविले.

शेतकरी पाण्याची पाळी पाळतो. रात्रंदिवस पाणी सोडून ठेवले तर जमीन क्षारपड होते, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने सोसून जाणले आहे. घरातील मुलांच्या मनाचीही तीच गत आहे. ज्या दिवशी नवा संगणक जोडला जाईल, त्याच दिवशी घरातील सर्वांनी बसून त्याची पाळी ठरवावी: कोणते काम, किती वेळ, कोणासमक्ष. राउटरच्या व्यवस्थेत ठराविक वेळी जोडणी बंद ठेवण्याची सोय पुष्कळदा असते. पण त्याहून मोठी सोय म्हणजे वडीलधाऱ्यांचे स्वतःचे वर्तन. बाप मोबाइलवर आणि मुलाला पाढे, असा पाठ कोणत्याही वर्गात टिकणार नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, पासवर्ड लिहून वायफायची कळ दाबणे हे दोन मिनिटांचे काम आहे. कालवा कोठून येतो, पोटचारी कोठे अडते, बांध कोठे घालावा आणि पाळी कशी राखावी, हे जाणणे म्हणजेच खरी जोडणी. ती प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावी, घरातील मुलाला शेजारी बसवून करावी आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या शेजाऱ्याला ती शिकवावी. मग त्या तरुणाला हाक मारण्याची पाळी गावात फारशी कोणावर येणार नाही.