घडी आधी, कणिका मागाहून



  संमेलनाच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा रिवाज आहे. तो मी आज बाजूला ठेवतो, कारण अशा आढाव्यांतूनच एक गोष्ट वर्षानुवर्षे निसटत आली आहे. आपण आरएनएला अजूनही अक्षरांची ओळ समजतो. या रेणूला आकार आहे. चेतापेशीत त्याला कोणते प्रथिन धरणार, तो कोणत्या कणिकेत जाणार आणि ती कणिका प्रवाही राहणार की थिजणार, हे बऱ्याच अंशी तो आकार ठरवतो. एवढेच मला आज सांगायचे आहे.

ऑस्वल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी १९८२ मध्ये चेतापेशीच्या शाखांवरील काट्यांच्या तळाशी रायबोसोमचे पुंजके दाखवले, आणि प्रथिने पेशीच्या मुख्य भागापासून दूर, चेतासंधीजवळही बनतात हे ध्यानात येऊ लागले. तिथवर संदेशवाहक आरएनए पोहोचतो तो कणिकांतून. या कणिकांना आवरण नसते. आरएनए आणि प्रथिने एकमेकांना धरून राहतात, म्हणून त्या टिकतात. मग हजारो संदेशांतून नेमके कोणते संदेश प्रवासाला निघतात? या प्रश्नाला आपण प्रथिनांची यादी काढून उत्तर देतो. ती यादी उपयोगी आहे, पण प्रथिन काय ओळखते हे ती सांगत नाही. फ्रॅजाइल एक्स या विकारात ज्याची उणीव असते, ते एफएमआरपी घ्या. त्याचा एक भाग ग्वानीनच्या चौकटी एकावर एक रचून बनलेल्या चौपदरी घडीला पकडतो. प्रयोगशाळेत निवडलेल्या एका आरएनएबरोबर त्याची जी स्फटिकरचना मिळाली, तिच्यात तो भाग चौपदरी घडी आणि शेजारचा दुपदरी दांडा यांच्या सांध्यात बसलेला दिसतो. पीएसडी-९५ आणि कॅमकिनेज-२ अल्फा या प्रथिनांच्या संदेशांच्या शेपटीतही अशी घडी आहे. ती काढून टाकली की ते संदेश शाखांत नीट पोहोचत नाहीत, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टॉफेन तर दुपदरी आरएनएला धरणारे प्रथिन म्हणूनच ओळखले जाते.

यावर पहिला आक्षेप बीटा-ॲक्टिनच्या संदेशातील ५४ अक्षरी ‘झिपकोड’चा, म्हणजे त्याला कुठे जायचे ते सांगणाऱ्या तुकड्याचा, येतो. तिथे झेडबीपी१ हे प्रथिन दोन छोटे अक्षरक्रम ओळखते, मग आकाराचा आग्रह कशाला? त्या दोन क्रमांमधले अंतर पाहा. ते अंतर जुळले तरच आरएनए प्रथिनाभोवती वळून दोन्ही टोके टेकवू शकतो. म्हणजे क्रमवाद्यांच्या सर्वांत भक्कम उदाहरणातही आरएनएला वळावेच लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गुओ आणि बार्टेल यांनी २०१६ मध्ये दाखवले की परीक्षानळीत सहज बनणाऱ्या चौपदरी घड्या आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी पेशींत बहुतांशी उलगडलेल्या असतात. हा निष्कर्ष मला मान्य आहे; त्यातून घड्या निरर्थक ठरवणे मान्य नाही. ज्या घड्या आपसूक पडतात त्या उलगडलेल्या ठेवायला पेशीला यंत्रणा लागते, आणि फुकटच्या कामाला पेशी अशी यंत्रणा राबवत नाही. आरएनए उलगडणाऱ्या अशा प्रथिनांपैकी ईआयएफ४ए हे हेलिकेज आरएनएचे आपापसांतले गुंतणे रोखून ताण-कणिकांना, म्हणजे ताणाखाली बनणाऱ्या कणिकांना, आवर घालते, हे २०२० मध्ये समोर आले. पेशीवर ताण आला की चौपदरी घड्या वाढतात, हेही आता दिसले आहे. मग ही घडी कुणी, कुठे आणि केव्हा उलगडली, हाच खरा प्रश्न उरतो, आणि चेतापेशीच्या लांब शाखांत तो फारच थोड्यांनी विचारला आहे.

तिसरा आक्षेप असा की कणिका घडवतात ती प्रथिनांची सैल शेपटे. आरएनए नुसता प्रवासी. पण अंकुर जैन आणि रोनाल्ड व्हेल यांनी २०१७ मध्ये सीएजी आणि सीयूजी पुनरावृत्तींचे आरएनए प्रथिनांशिवाय परीक्षानळीत ठेवले, तेव्हा तेही गोठले. आणि पुनरावृत्तींची संख्या त्यांच्यामुळे होणारा रोग सुरू होतो त्या संख्येच्या आसपास गेल्यावरच गोठले. पुढल्या वर्षी एमी ग्लॅडफेल्टर यांच्या गटाने एका बुरशीत दाखवले की एकच प्रथिन दोन निरनिराळे संदेश वेगवेगळ्या थेंबांत ठेवते, पण एका संदेशाची घडी मोडली की तो दुसऱ्याच्या थेंबात मिसळतो. बुरशी म्हणजे चेतापेशी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण हा प्रयोग चेतापेशीत करायला कुणाची आडकाठी आहे? उलट त्याच वर्षी असेही आढळले की भरपूर आरएनए असला की एफयूएससारखी प्रथिने विरघळलेली राहतात. जो रेणू कणिका बांधतोही आणि विरघळवतोही, त्याला प्रवासी म्हणणे मला पटत नाही.

एएलएस या चेतापेशींच्या आजारात टीडीपी-४३ या प्रथिनाच्या गाठी २००६ मध्ये ओळखल्या गेल्या, तेव्हापासून उपचारांचा बराचसा शोध त्या प्रथिनाभोवती घोटाळतो आहे. त्या आजारातील सी९ओआरएफ७२ जनुकाची लांबलेली पुनरावृत्ती स्वतःच चौपदरी घड्या घालते, तरी तिच्या आकाराकडे दुय्यम म्हणूनच पाहिले जाते. माझी मागणी साधी आहे. संदेशाची अक्षरे बदलून घडी तशीच राखा, आणि जमेल तितकी अक्षरे तशीच ठेवून घडी मोडा. मग शाखेच्या टोकाशी कोण पोहोचते ते पाहा. रासायनिक चाचण्यांनी घड्यांचे नकाशे काढायचे असतील, तर ते अख्ख्या मेंदूचा लगदा करून नको. शाखा वेगळ्या आणि पेशीचा मुख्य भाग वेगळा, असे हवेत. यासाठी एखादा सामायिक उपक्रम उभा राहावा. त्याची रूपरेषा तरुण सहकाऱ्यांनी या संमेलनातच ठरवावी, आणि आढाव्यातील प्रथिनांच्या यादीशेजारी पुढच्या वेळी घड्यांचा एक रकाना मला दिसावा.