राजवाडा आज बंद आहे!



बँकॉकच्या राजवाड्याचे बांधकाम १७८२ साली सुरू झाले. त्याच्या तटाबाहेर परक्या प्रवाशाला नीटनेटक्या पोशाखातील एखादा गृहस्थ गाठतो आणि हळहळून सांगतो, "राजवाडा आज बंद आहे." मग तो दुसरे एखादे मंदिर सुचवतो. नाममात्र भाड्यात तेथे नेणारी टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, जवळच उभी असते. मंदिरात 'योगायोगाने' भेटलेला आणखी एक सद्गृहस्थ रत्नांच्या स्वस्त विक्रीची वार्ता देतो. रिक्षा दुकानापाशी थांबते. हलक्या प्रतीचे नीलम भारी किमतीला माथी मारले जातात आणि रिक्षावाल्याला दलाली मिळते. राजवाडा मात्र, शाही समारंभाचे मोजके दिवस सोडले तर, उघडाच असतो.

या फसवणुकीचे मूळ केवळ लोभात नाही. वाटसरूला वाट दाखवावी, ही आपली रीत. तोच विश्वास घेऊन आपण परमुलखात जातो. तो टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. जो आपण होऊन जवळ आला त्याचे ऐकून घ्यावे, आभार मानावे. पण दारापर्यंत स्वतः चालत जावे आणि पहारेकऱ्याला विचारावे.

फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नये. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक ११५५ आहे. आपण तक्रार केली नाही, तर उद्या त्याच तटाबाहेर दुसरा कोणी तेच वाक्य ऐकेल.